आग्र्याचं अकबरी चर्च: ग्वाल्हेरहून जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते. पुण्या-नागपूरकडचे पाहुणे आले की ग्वाल्हेरचा किल्ला होतो, जयविलास महाल होतो, आणि मग "आग्रा इथून किती लांब?" हा प्रश्न येतोच. ताजमहालाची माहिती त्यांना माझ्याकडून नको असते. पण वजीरपुऱ्यातल्या छोट्या चर्चबद्दल मी एकदा सांगितलं, आणि तेव्हापासून नात्यातले, शेजारचे, महाराष्ट्र समाजातले लोक तेच ते प्रश्न पाठवत असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

१. हे चर्च नेमकं कुठे आहे? रिक्षावाल्याला काय सांगायचं?

"अकबर" हा शब्द चुकूनही उच्चारू नका. पहिल्या खेपेला मी "अकबर का चर्च" म्हटलं. रिक्षावाल्याने "अकबर" तेवढं ऐकलं आणि मला थेट शहराबाहेर सिकंदऱ्याला, अकबराच्या कबरीसमोर नेऊन सोडलं. भाडंही तिथलंच घेतलं. "वजीरपुरा रोड, सेंट पीटर्स कॉलेज" असं सांगा. तिथल्याच आवारात मोठं कॅथेड्रल आहे आणि त्याच्या शेजारी हे लहान, जुनं चर्च. राजा की मंडीजवळचं सेंट जॉन्स कॉलेज वेगळं. तेही ख्रिस्ती, तेही लाल दगडाचं, त्यामुळे तिथेही लोक चुकून उतरतात.

२. ग्वाल्हेरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल का?

आरामात. अंतर साधारण एकशेवीस किलोमीटर आहे. मुरैना, धौलपूर करत बहुतेक गाड्या दीड-दोन तासांत पोचतात. राजा की मंडी स्टेशन चर्चला जवळ पडतं, पण तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत, म्हणून आग्रा कँटचं तिकीट काढलंत तरी बिघडत नाही. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन् तास रखडतात. परतीचं आरक्षण अगदी काट्यावर करू नका.

ताज आणि चर्च एकाच दिवशी उरकायचा हट्ट धरणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते. ताजच्या रांगेतून दमून आलेला माणूस चर्चच्या बाकावर बसतो तो पाय मोकळे करायला, आणि पाच मिनिटांत "चला" म्हणतो. शुक्रवारी ताज बंद असतो. तो दिवस यासाठी ठेवा.

३. तिकीट किती? आणि दार बंद असलं तर?

तिकीट नाही. हे पुरातत्त्व खात्याचं स्मारक नव्हे, चालतं प्रार्थनास्थळ आहे. म्हणूनच दार दिवसभर सताड उघडं मिळेल असं धरून चालू नका. फाटकावर आपण कोण, कुठून आलो ते सांगा आणि "अंदर बैठना है, दस मिनट" म्हणा. "देखना है" आणि "बैठना है" यांत फरक पडतो, हा माझा अनुभव. शेजारी शाळा आहे. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी गर्दी असते, ती वेळ टाळा. बंदच असेल तर वाद न घालता प्रश्न १५ मधल्या दफनभूमीकडे वळा आणि येताना पुन्हा डोकवा.

४. आम्ही हिंदू. आत गेलेलं चालतं का? कोणी धर्म बदलायला सांगेल का?

चालतं. इतक्या वर्षांत मला तिथे कोणी नाव-गावापलीकडे काही विचारलेलं नाही. तुमच्या घरी सत्यनारायणाला शेजारचे डिसूझा येतात आणि प्रसाद घेऊन जातात, तेव्हा तुम्ही त्यांना काय विचारता?

५. चपला काढायच्या का? डोक्यावर पदर घ्यायचा का?

दाराशी बघा. चपलांचा ढीग असेल तर काढा, नसेल तर पायात राहू द्या. उत्तरेकडच्या बऱ्याच चर्चमध्ये लोक आपल्या सवयीने काढतात, पण तो चर्चचा नियम नव्हे. बायकांनी डोकं झाकलंच पाहिजे असं आता राहिलेलं नाही. पुरुषांनी मात्र टोपी काढायची. गांधी टोपीवाल्या आजोबांना हे आधीच सांगून ठेवा. आमच्याकडे देवासमोर टोपी काढणं म्हणजे अपमान आणि तिथे घालणं म्हणजे अपमान, त्यामुळे दारातच घोटाळा होतो. कपड्यांचं देवळात जाताना पाळता तेवढं पाळलंत की झालं.

६. पाळी असताना किंवा सुतकात गेलं तर?

चालतं. कॅथलिक चर्चमध्ये असा मज्जाव नाही. सुतक तुम्ही स्वतः पाळत असाल तर तो तुमचा प्रश्न, चर्चला त्याचं काही नाही.

७. हार, नारळ, उदबत्ती न्यावी का? घंटा कुठे वाजवायची? प्रदक्षिणा?

नारळ नको, उदबत्ती नको. फुलं न्यायचीच असतील तर आत जाऊन वेदीवर ठेवू नका, तिथल्या कोणाच्या तरी हातात द्या. वेदीच्या पायऱ्या चढायच्या नाहीत आणि वेदीभोवती फिरायचंही नाही. आपल्या गाभाऱ्यासारखंच समजा. घंटा दर्शनाला आलेल्याने वाजवायची नसते, ती प्रार्थनेच्या वेळेची असते. आमच्या एका मामांनी सवयीने लोंबती दोरी ओढली होती. सुदैवाने ती पडद्याची निघाली.

मेणबत्ती चालते, पण ठरलेल्या जागी. दानपेटीत हवं तेवढं टाका, कोणी पावतीपुस्तक घेऊन मागे लागत नाही.

८. आत शिरल्यावर करायचं काय? देव कुठे असतो?

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि तो मला आवडतोही.

दाराशी पाण्याचं छोटं भांडं असतं. ते पवित्र पाणी. कॅथलिक माणूस त्यात बोट बुडवून कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा असा क्रूस करतो. तुम्ही नाही केलंत तरी चालतं. हात धुवायला किंवा तीर्थ म्हणून प्यायला मात्र ते वापरू नका. पुढे मधोमध वेदी, तिच्या मागे किंवा बाजूला कुलूपबंद छोटी पेटी, आणि जवळ तेवता दिवा, बहुधा लाल काचेचा. त्या पेटीत मिस्सेत, म्हणजे चर्चच्या मुख्य प्रार्थनेत, पवित्र केलेला ख्रिस्तप्रसाद असतो. दिवा तेवत असला की प्रभू इथे आहे असं कॅथलिक मानतात आणि येता-जाता त्या दिशेला एक गुडघा टेकतात. आपल्याकडच्या नंदादीपाशी त्याचं नातं लावलंत तर फार चुकणार नाही. मूर्ती येशूची असो, त्याच्या आईची, मारियेची असो की संतांची, दिव्याला मान पहिला.

मग मागच्या बाकावर बसायचं. एवढंच.

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या आत्याला घेऊन गेले होते. वय ब्याऐंशी. "मी बाहेरच बसते गं" म्हणत होती, उन्हामुळे आत आली. भिंती जाड, आत गारवा, बाहेरून शाळेतल्या मुलांचा कालवा अगदी लांबून आल्यासारखा. आत्याने बटव्यातून तुळशीची माळ काढली आणि डोळे मिटले. पलीकडच्या बाकावर एक म्हातारी आधीपासून बसली होती, तिच्या हातात रोझरीची माळ. दोघींचे ओठ हलत होते. दोघींनी मणी ओढायचा तो अंगठ्यानेच. अर्ध्या तासाने ती म्हातारी उठली, आत्याच्या गुडघ्याला हात लावून "बैठो, बैठो" म्हणाली आणि गेली. आत्या रिक्षात विचारते, "ती कुठल्या गावची होती गं?"

९. मिस्सा चालू असेल तर आत जावं का?

सुरू व्हायच्या आधी पोचलात तर जा आणि शेवटपर्यंत बसा. मधेच शिरून फोटो काढून परत जाणं वाईट दिसतं. आग्र्यात मिस्सा हिंदीतही होते, त्यामुळे शब्द कळतात. रविवारची मोठी प्रार्थना बहुधा शेजारच्या कॅथेड्रलमध्ये असते. लोक उभे राहिले की उभं राहा, बसले की बसा. ते गुडघ्यावर आले तर तुम्ही नुसतं बसून राहिलात तरी चालतं. शेवटाकडे लोक शेजाऱ्याकडे वळून हात जोडतात, "शांती" म्हणतात. तुमच्याकडे कोणी वळलं तर तुम्हीही हात जोडा. पहिल्यांदा मी गोंधळून "रामराम" म्हणून गेले होते. समोरच्या काकांनी "रामराम" परत केलं.

१०. सगळे रांगेत प्रसाद घ्यायला गेले. आपणही गेलो तर?

नाही. इथे मात्र "प्रसादाला नाही म्हणू नये" हा आपला नियम लागू पडत नाही. तो दिसायला पातळ पांढरा चकतीसारखा असला, तरी कॅथलिक श्रद्धेनुसार ते ख्रिस्ताचं शरीर आहे, आणि तयारी करून घेतलेल्या कॅथलिकांनाच ते दिलं जातं. प्रोटेस्टंट ख्रिस्तीही तिथे सहसा घेत नाहीत. जागेवर बसून राहा, कोणाला काही वाटत नाही. चुकून हातात आलाच तर रुमालात बांधून घरी आणू नका. तिथल्या तिथे फादरना सांगून परत द्या. आमच्याच गटातल्या एका वहिनींनी "घरच्यांसाठी" म्हणून तो पर्समध्ये ठेवला होता आणि फादरना त्यांच्यामागे दारापर्यंत यावं लागलं. ते रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा पांढराफटक झाला होता.

११. अकबराने चर्च का बांधलं? तो ख्रिस्ती झाला होता का?

झाला नव्हता. आणि बांधलं त्याने नव्हे, बांधलं जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी. त्याने परवानगी दिली, म्हणून नाव त्याचं.

गोष्ट अशी. फतेहपूर सिक्रीच्या इबादतखान्यात वेगवेगळ्या धर्मांच्या पंडितांचे वाद चालत. अकबराने गोव्याला सांगावा धाडून पाद्री मागवले आणि १५८० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पहिले तिघे सिक्रीत पोचले. त्यांनी अनेक भाषांत छापलेलं बायबल, कित्येक खंडांचं, भेट आणलं. अकबराने पागोटं उतरवून एकेक खंड डोक्यावर ठेवला आणि त्याचं चुंबन घेतलं, असं त्यांच्यातल्याच मोन्सेराते नावाच्या पाद्र्याने लिहून ठेवलं आहे. हा आता ख्रिस्ती होणारच, असं पाद्र्यांना वाटत राहिलं. अकबर मात्र ऐकत राहिला, विचारत राहिला, आणि होता तिथेच राहिला. तिसऱ्या खेपेला १५९५ मध्ये जेरोम झेव्हियर आले. ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे त्या संत फ्रान्सिस झेव्हियर यांच्या घराण्यातलेच हे. दरबार लाहोरहून आग्र्याला आला, त्याबरोबर तेही आले, आणि १५९८ ते १६०० च्या दरम्यान हे चर्च उभं राहिलं.

१६०२ मध्ये रोममधल्या मारियेच्या एका प्रसिद्ध चित्राची नक्कल इथे लोकांना बघायला ठेवली, तेव्हा सगळं आग्रा लोटलं होतं. नाताळात गव्हाणीचा देखावा मांडायचे, तोही बघायला हिंदू-मुसलमान यायचे. आपल्याकडे गणपतीत रात्री आरास बघत फिरतात, तसंच.

१२. मग आज उभी आहे ती इमारत अकबराच्या वेळची का?

जागा तीच, भिंती सगळ्या त्या नव्हेत. जहांगीरच्या वेळी चर्चला चांगले दिवस होते. १६१० मध्ये त्याच्या तीन पुतण्यांचा बाप्तिस्मा आग्र्यात थाटामाटात झाला, मिरवणुकीत हॉकिन्स हा इंग्रज व्यापारीही होता. (ते तिघे थोड्याच वर्षांत परत मुसलमान झाले.) पुढे शाहजहानचं पोर्तुगीजांशी त्यांच्या बंगालमधल्या हुगळीच्या ठाण्यावरून बिनसलं. १६३२ मध्ये हुगळी पडली, कैदी आग्र्याला आणले गेले, आणि १६३५ मध्ये हे चर्च पाडायला लागलं. लगेच पुढच्या वर्षी ते पुन्हा उभं राहिलं. अब्दालीच्या स्वारीत परत लुटलं गेलं. मग १७६९ च्या सुमारास वॉल्टर राइनहार्ट ऊर्फ समरू या भाडोत्री युरोपियन सरदाराच्या मदतीने त्याची डागडुजी झाली.

बाहेरून ते साधं दिसतं आणि पाहुण्यांची निराशा होते ती यामुळेच. अकबराचं नाव ऐकून लोक बुलंद दरवाजा डोळ्यांसमोर आणतात.

१३. अकबराची एक राणी ख्रिस्ती होती आणि चर्च तिच्यासाठी बांधलं, असं गाइडने सांगितलं. खरं का?

नाही. "मरियम उज्जमानी" या किताबामुळे हा घोळ होतो. तो किताब जहांगीरच्या आईचा, आणि ती आमेरची राजपूत. मुसलमानांतही येशूची आई मरियम पूज्य आहे, म्हणून "या काळाची मरियम". तिची कबर सिकंदऱ्याला आहे, प्रश्न १ मधल्या चुकीने तिथे पोचलात तर जरूर बघा.

१४. शिवाजी महाराज आग्र्यात होते तेव्हा हे चर्च होतं का? त्यांचा काही संबंध?

होतं. महाराज १२ मे १६६६ रोजी दरबारात गेले, तेव्हा पुन्हा बांधलेली वास्तू तीस वर्षांची होती. संबंध जोडायला काहीही आधार नाही. पेटाऱ्यांतून निसटताना महाराज इथे लपले होते असं एका पाहुण्यांना कोणीतरी सांगितलं होतं. तसलं काही ऐकलंत तर चहा पाजा आणि पुढे चला.

१५. आम्हा मराठी माणसांसाठी तिथे खास काय?

चर्चपेक्षा त्याची दफनभूमी. भगवान टॉकीजच्या चौकाजवळ, दिवाणी कचेऱ्यांच्या मागे रोमन कॅथलिक दफनभूमी आहे, चर्चपासून रिक्षाने थोड्याच वेळात पोचता. तिथे लाल दगडाचा छोटा ताजमहाल दिसेल. ती जॉन विल्यम हेसिंगची कबर.

हा हेसिंग डच, शिंद्यांच्या चाकरीतला. शिंद्यांचा युरोपियन सेनापती द बॉइन याच्या हाताखाली आला, त्याच्याशी पटेना म्हणून बाजूला झाला, तर महादजींनी त्याला स्वतःची खास पलटण उभी करायला लावली. १७९२ मध्ये महादजी पुण्याला गेले तेव्हा हा बरोबर होता. नंतर आग्र्याचा किल्ला त्याच्या ताब्यात होता. १८०३ च्या जुलैत तो वारला आणि ऑक्टोबरात इंग्रज सेनापती लेकने आग्रा घेतलं. म्हणजे शिंद्यांचं आग्रा जायला आलं तेव्हा त्याच्या बायकोने, अ‍ॅनने, हे बांधकाम काढलं. त्याचा मुलगा जॉर्ज १८०१ मध्ये उज्जैनजवळ यशवंतराव होळकरांकडून सडकून मार खाऊन आला होता. इंदूरच्या पाहुण्यांना मी हे आवर्जून सांगते, आणि ते ग्वाल्हेरवाल्यांकडे बघून हसतात.

त्याच आवारात प्रश्न १२ मधला समरूही आहे. त्याची बायको बेगम समरू. तिने १७८१ मध्ये आग्र्यातच बाप्तिस्मा घेतला, आणि १८०३ मध्ये असईच्या लढाईत तिच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूने होत्या. सोळाशे चौदामध्ये वारलेल्या जॉन मिल्डनहॉल या इंग्रज व्यापाऱ्याचं थडगंही इथे आहे. जेरोनिमो व्हेरोनेओ नावाचा व्हेनिसचा जवाहिऱ्याही इथेच. ताजमहालाचा नकाशा त्याने काढला, असं एका पाद्र्याने लिहून ठेवलं आणि तेव्हापासून वाद आहे. इतिहासकार ते मानत नाहीत.

थडग्यांवर बसू नका, टेकू नका, डबे तर मुळीच उघडू नका. गवत वाढलेलं असतं, पावसाळ्यात पायात बूट हवेत.

१६. ग्वाल्हेरमध्येच असं काही नाही का? आग्र्याला कशाला जायचं?

आहे की, दर रविवारी त्याच्या समोरून जाता. जयविलास महालाचा आराखडा काढणारा मायकल फिलोस हा कॅथलिक, मूळ इटालियन घराण्यातला. त्याचं घराणं पिढ्यान् पिढ्या शिंद्यांच्या चाकरीत होतं. १८७४ चा महाल तुम्ही शंभरदा पाहिला असेल. आता तो कॅथलिक माणसाच्या हातचा म्हणून एकदा बघा.

१७. फोटो, व्हिडिओ, रील?

बाहेरून हवे तेवढे. आत विचारून, फ्लॅशशिवाय, आणि प्रार्थना करणाऱ्या माणसाचा तर नाहीच. वेदीसमोर पोझ देऊन उभं राहू नका. मिस्सा चालू असेल तर मोबाइल बंद.

१८. नाताळात जावं का?

२५ डिसेंबरला सगळं शहर तिथे लोटतं. आमच्याकडेही अजून "बडा दिन" म्हणतात त्याला. रोषणाई आणि गव्हाणी बघायची असेल तर २६ ते ३१ मध्ये जा, देखावा पुढेही काही दिवस असतो. शांतपणा हवा असेल तर फेब्रुवारी किंवा ऑक्टोबर.

१९. गुड फ्रायडेला सुट्टी असते म्हणून गेलो. वेदी उघडी-बोडकी, दिवा विझलेला, पेटीचं दार सताड उघडं. चोरी झाली होती का?

नाही. त्या दिवशी तसंच असतं. गुरुवारी रात्री वेदीवरचं कापड, मेणबत्त्या, सगळं काढून ठेवतात. शुक्रवारी कुठल्याच कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही, घंटा वाजत नाही, आणि ख्रिस्तप्रसाद दुसरीकडे हलवलेला असल्यामुळे दिवाही नाही. त्याआधीच्या दिवसांत मूर्तींवर जांभळी कापडं दिसली तर तीही त्याचीच तयारी. दुपारी तीनच्या सुमारास दुःखसहनाची प्रार्थना असते, तिला बसता येतं. त्यात लोक एकेक करून क्रूसाच्या पायांचं चुंबन घ्यायला पुढे जातात. प्रश्न १० मधली मनाई या रांगेला नाही, मनापासून वाटलं तर तुम्हीही जा. शनिवारी रात्री बाहेर अंधारात शेकोटी पेटवतात, तिच्यावरून एक मोठी मेणबत्ती, तिच्यावरून सगळ्यांच्या हातातल्या छोट्या मेणबत्त्या, आणि मग आतला दिवा. परतीची गाडी मात्र त्या रात्री चुकते. मी दोनदा चुकवली आहे.